बेण्यावर बसलेली आई

आमच्या घरात भाकरीला हात लावायच्या आधी सगळ्यांनी सगळ्यांना सलाम करायचा, असा नियम होता. आम्हा ख्रिस्ती लोकांत भेटल्यावर सलाम म्हणतात, ते वेगळं. हा घरातल्या घरातला. दिवसभरात कुणी कुणाला शिवी दिली असेल, कुणी कुणाच्या वाटणीचं ताक पिऊन टाकलं असेल, तर ते ताटं मांडायच्या आत मिटवायचं आणि कपाळाला हात लावून सलाम म्हणायचं. ज्याला म्हणायचा नसेल त्याला भाकरी नाही. आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं असं की प्रभू परत येणार हे नक्की, पण कधी येणार ते त्यानं सांगितलेलं नाही. "त्यो दारात हुबा ऱ्हाईल आन् तुमी एकमेकाच्या झिंज्या धरून बसलेलं असाल, तर त्यानं काय करायचं? भांडान मिटंस्तवर थांबायचं व्हय?" लहानपणी मला प्रभूची भीती वाटायची ती एवढीच, की तो नेमका आमच्या जेवायच्या वेळेला येईल आणि भाकरी निवून जाईल.

सलामाला सुरुवात घरातल्या धाकट्यानं करायची. धाकटी म्हणजे माझी बहीण रूथ. माझ्यात आणि तिच्यात दहा वर्षांचं अंतर, त्यामुळं ती आप्पांची लय लाडकी. ती आईला सलाम करायची, आप्पांना करायची, मला जीभ काढून करायची आणि शेवटी शेळीला. शेळी पडवीतच बांधलेली असायची. आप्पा म्हणायचे, "शेळीला कशाला? प्रभू काय शेळीचा जाब इचारत न्हाई." रूथ म्हणायची, "मग त्यो तिला पाला कशाला देतो?" शेळीचा सलाम चालू राहिला.

मी चौथीपर्यंत शिकलो. माझं अक्षर मलाच कधी कधी लागत नाही. हे लिहायला नातीनं सांगितलं. म्हणाली, "आजी गेल्यापासून तुम्ही नुसते भिंतीकडं बघत बसता, त्यापेक्षा लिहा तरी." भिंतीला काय झालंय म्हणालो. पण लिहितोय.

आमची ख्रिस्ती दहा-बारा घरं, पलूसवरनं कुंडलला जाताना रस्त्याच्या कडेला. मधोमध पत्र्याचं उपासनामंदिर आणि त्याच्यापुढं लिंबाच्या झाडाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. तीच आमची घंटा. रविवारी सकाळी आप्पा लोखंडी पहारीनं ती वाजवायचे आणि आवाज पार ओढ्यापलीकडं जायचा. पाळकसाहेब सांगलीला राहायचे, महिन्यातनं एकदा एस्टीनं यायचे, प्रभुभोजन द्यायचे आणि परतीच्या एस्टीनं जायचे. बाकीच्या रविवारी आप्पाच प्रार्थना चालवायचे. ते दुसरीपर्यंत शिकलेले. शास्त्र वाचताना बोट ओळीवरनं सरकायचं आणि बोटाच्या मागनं आवाज यायचा.

घराची तयारी म्हणाल तर बारा महिने. आप्पा दाराला कडी लावू द्यायचे नाहीत. प्रभू आला आणि दार बंद दिसलं तर, असं त्यांचं. आई म्हणायची, "आवं, प्रभू यायच्या आधी कुत्रं येतंय." आणि कुत्रं यायचंच. एकदा ते शिकाळ्यातलं खरवसाचं भांडं पाडून गेलं तेव्हा आईनं दाराला दगड लावला आणि सांगितलं की ज्यानं थडग्याचा दगड सारला त्याला ह्यो बी सारता येईल. उसनी आणलेली वस्तू दिवस मावळायच्या आत परत गेली पाहिजे, हा दुसरा नियम. चाळण असो, पहार असो. शेजारणी म्हणायच्या, ह्यांच्याकडं चाळण दिली की धुऊन येते, बरं हाय यांचा देव. शनिवारी सगळ्यांचे पांढरे कपडे धुऊन, तांब्यात विस्तव घालून इस्त्री करून ट्रंकेत ठेवायचे. हुलग्याचं माडगं, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असं आमचं शनिवारचं जेवण ठरलेलं. आजसुद्धा हुलगे शिजायचा वास आला की मला वाटतं, उद्या रविवार.

मी एकोणीस वर्षांचा होतो त्या साली पावसाळ्यात रूथला ताप आला. पलूसच्या डॉक्टरनं सुई दिली, दुसऱ्यानं दुसरी दिली, आणि मिरजेला न्यायचं ठरलं त्या सकाळी ती गेली. नऊ वर्षांची. ट्रंकेतला पांढरा झगा तिला घातला. आई म्हणाली, "तयार हुती माझी पोर." तिला मातीत ठेवून आलो त्या संध्याकाळी ताटं मांडली आणि आम्ही तिघं बसलो. सलामाला सुरुवात कुणी करायची ते कळेना. धाकटा आता मी. पण मला काही तोंड उघडवेना. भाकरी निवली. शेवटी आईनं केली. नंतर रोज तसंच व्हायला लागलं. बसायचं, वाट बघायची, भाकरी निवू द्यायची, मग आईनं म्हणायचं. आप्पा सलाम घ्यायचे, पण आपण होऊन म्हणायचे नाहीत. रविवारची घंटा मात्र ते अशी हाणायला लागले की रुळाचा तुकडा झाडावरनं निसटतो का काय असं वाटायचं.

हळद काढायला आली तेव्हा सोलापूरकडनं एक सुवार्तिक, गावोगाव फिरून प्रभूचं सांगणारा, आला. मंडळीतले सगळे त्याला भाऊ म्हणायचे. उंच, वाळलेला, काळा कोट बाहीला आखूड. गळ्यात पेटी अडकवून वाजवायचा आणि आवाज असा की गाणं संपल्यावर शेरडंसुद्धा जरा वेळ गप राहायची. उतरला आमच्याकडंच, कारण आमच्या दाराला कडी नव्हती. जेवायचा मात्र शेवटचं जेवण असल्यासारखा. आई त्याला चौथी भाकरी वाढताना म्हणायची, "भाऊ, वर काय मिळंल न मिळंल, खावा." आणि तो खायचा.

लिंबाखाली रोज संध्याकाळी त्याची सभा भरायची. चिन्हं सांगायचा. लढाया, दुष्काळ, भूकंप, पोरं आईबापाचं ऐकत नाहीत ते. यातलं शेवटचं सगळ्यांना पटलं. तारीख त्यानं कधी सांगितली नाही, तेवढा तो हुशार होता. पण शेवटच्या सभेला पेटीवरचा हात काढून हळू आवाजात म्हणाला, "मंडळी, पुढचा नाताळ आपण खाली करणार नाही. जे आधी गेलेत त्यांच्यासंगं करणार." मी आप्पांकडं बघितलं. त्यांनी डोक्याचा पटका काढून मांडीवर ठेवला होता आणि ते भाऊच्या तोंडाकडं असे बघत होते, जसा तहानलेला माणूस दुसऱ्याच्या हातातल्या तांब्याकडं बघतो.

आता मोबाईलवर रोज एक जण प्रभू येतोय म्हणून सांगतो. मागं संगीत असतं. खाली लिहिलेलं असतं, दहा जणांना पाठवा. पूर्वी हे सांगायला माणसाला एस्टीनं यायला लागायचं आणि चार भाकऱ्या खायला लागायच्या. म्हणून लोक ऐकायचे.

भाऊच्या त्या बोलण्यानं मंडळीत बदल झाला. एकानं घराचं छप्पर शाकारायचं सोडलं. एका म्हातारीनं दात काढायचे होते ते राहू दिले, वर नवे मिळतील म्हणाली. आमच्या घरात मात्र दोन गोष्टी झाल्या आणि दोन्ही माझ्या मुळावर आल्या.

पहिली म्हणजे माझं लग्न. उपवासकाळ सरल्यावर मे महिन्यात ते ठरलं होतं. मुलगी वाईची, रिबका नाव. तिचा बाप तिथं गवंडी होता. मी तिला एकदाच बघितलं होतं. आम्ही बघायला गेलो तेव्हा ती घाटावर धुणं धुऊन ओली बादली घेऊन पायऱ्या चढत होती आणि मी पाहुणा म्हणून बाजूला सरकायला गेलो तो शेवाळावरनं घसरून बसलो. ती हसली नाही. बादली खाली ठेवली, म्हणाली, "उठा, न्हाईतर घ्या अंघोळ करून." एवढंच आमचं बोलणं. तेवढ्यावर मी वर्ष काढायला तयार होतो. आणि आप्पा म्हणाले, "लग्नाचं आता कशाला? वर कोण लगीन करत न्हाई, शास्त्रात हाय. सोमवारी वाईला जा आन् सांगून ये."

मी सोमवारी गेलो नाही. बस चुकली म्हणून सांगितलं. गुरुवारीही चुकली. आप्पा म्हणाले, "तुझ्या बऱ्या चुकत्यात रं बशी." खरं सांगायचं तर मलाही प्रभू यावा असं वाटत होतं. पण मे नंतर.

दुसरी गोष्ट हळदीची. ज्यांना हळद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. हळद काढली की दोन वाटे करायचे. हळकुंडं शिजवून वाळवून विकायची. आणि मधले मोठे गड्डे, त्यातले चांगले निवडून, शिजवायचे नाहीत. ते सावलीत ढीग करून हळदीच्या पाल्याखाली झाकून ठेवायचे. ते बेणं. पुढच्या सालची लागण त्याची. शिजलेला गड्डा पुन्हा उगवत नाही. घरात सणाला गूळ नसला तरी चालेल, पण बेण्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं.

हळद शिजवायची काईल, म्हणजे मोठी लोखंडी कढई, बाळगोंडा काकांची होती. त्यांचं रान आमच्या बांधाला लागून. जैन माणूस, शांत, तंबाखूसुद्धा खात नसत. चिंचेखाली त्यांनी चुलवण खणलं होतं आणि आजूबाजूचे सगळे तिथंच आपापली हळद शिजवायचे. आमची पाळी आली त्या सकाळी आप्पांनी पहिली काईल हळकुंडांची लावली. वर पाला, त्यावर ओली गोणपाटं, खाली उसाच्या पाचटाचा जाळ. फेस आला, तो शिजल्या हळदीचा वास सुटला, जो अंगाला चिकटला की आठवडाभर जात नाही. काकांनी काडी टोचून बघितली आणि झाली म्हणून मान हलवली. आम्ही काईल रिकामी केली. मला वाटलं आता दुसरी काईल हळकुंडांचीच. तर आप्पा मला म्हणाले, "शमू, त्यो सावलीतला ढीग भर पाट्यांत."

मी म्हणालो, "आप्पा, त्यो बेण्याचा हाय."

"मला शिकीव तू. भर."

बाळगोंडा काका चुलवणाशी बसले होते. म्हणाले, "गड्या, झोप झाली न्हाई का रात्री? बेणं शिजवतो व्हय कोण?"

"लागणीला हाय कोण हितं?" आप्पा म्हणाले. "नाताळच्या आत प्रभू येणार."

काकांनी जरा विचार केला. "मग हळदीचा दर काय ऱ्हाईल?"

"दर न्हाई ऱ्हायचा काका. काय बी न्हाई ऱ्हायचं."

"आन् माझी काईल?"

"ती बी न्हाई."

"मग ती आज तरी नीट धुऊन दे," काका म्हणाले.

मी पाट्या भरल्या. बापाचं ऐकायचं, एवढंच मला ठाऊक होतं. निम्मा ढीग काईलीत गेला तेव्हा आई जेवण घेऊन आली. डोक्यावर पाटी, पाटीत भाकरी, खर्डा, ताकाचं मडकं. तिनं काईलीकडं बघितलं, ढिगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलेलं मला आवडलं नाही. तिनं जेवण खाली ठेवलं.

"ह्ये बेणं हाय," ती म्हणाली.

"ठावं हाय," आप्पा म्हणाले.

"मग?"

"मग काय? सांगितलं न्हवं भाऊनी."

ती गेली आणि उरलेल्या ढिगावर बसली. लुगडं आवरून, पाय पसरून, बाजारात बसतात तशी. आप्पा म्हणाले, "ऊठ." ती म्हणाली, "न्हाई." आप्पा म्हणाले, "लोक बघत्यात." ती म्हणाली, "बघू द्यात. प्रभू आला तर मला हितनंच उचलील. त्याला काय माझं वजन हुईत न्हाई."

आप्पा काही हात धरून ओढणाऱ्यातले नव्हते. ते चुलवणापाशी गेले आणि उगीच जाळ सारत बसले. ऊन वर आलं. चिंचेची सावली सरकली आणि आई उन्हात आली तरी उठली नाही. आजूबाजूच्या रानातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. बायका म्हणायला लागल्या, शमूची आई अंडी उबवाय बसलीया. कुणीतरी जाऊन भाऊला बोलावून आणलं. तो कोट घालूनच आला, एवढ्या उन्हात.

"ताई," तो म्हणाला, "हे अविश्वासाचं लक्षण आहे. त्या दहा मुलींची गोष्ट विसरलात का? नवरदेव येणार म्हणून दिवे घेऊन निघालेल्या. पाच तयार होत्या, पाच नव्हत्या."

"ठावं हाय मला गोष्ट," आई म्हणाली. "त्या पाच शान्या कशावरनं?"

"त्यांनी दिव्याबरोबर जादा तेल घेतलं होतं."

"का घेतलं हुतं?"

"नवरदेव येणार यावर त्यांचा विश्वास होता म्हणून."

"इस्वास तर धाजणींचा बी हुता, भाऊ. न्हाईतर धाजणी आल्याच नसत्या." आईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "त्या पाचजणींनी जादा तेल घेतलं, कारन त्यास्नी ठावं हुतं, नवरदेव काय येळंवर येत न्हाई. कुठल्या लग्नात आलाय? उशीर हुनार म्हनून धरूनच चालल्या हुत्या त्या. तुमी म्हंता आज येनार, उद्या येनार, तेल वतून टाका. आन् त्याला उशीर झाला तर? मी अंधारात बसू व्हय? ह्ये बेणं माझं तेल हाय. त्यो आला तर आनंद हाय. न्हाई आला तर लागण हाय."

बांधावरची माणसं हसली. भाऊ हसला नाही. त्यानं आभाळाकडं बघितलं. मग त्याचं लक्ष भाकरीच्या पाटीकडं गेलं आणि तो सावलीत जाऊन बसला.

एवढं होऊनही आप्पा उठले नव्हते. पाठमोरे, पाचटाची पेंडी हातात. आईनं मग आवाज खाली आणला. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "आवं," ती म्हणाली, "तुमाला प्रभूची घाई न्हाई. तुमाला रूथची घाई हाय."

आप्पांच्या हातातली पेंडी तशीच राहिली.

"मला न्हाई व्हय?" आई म्हणाली. "पर ती काय हिकडं याला बसली न्हाई. आपनच जायचं हाय. आन् जायाच्या दिवसापतूर खायाला लागतंय."

काईल आपली रटरटत होती, निम्मं बेणं आत घेऊन. मग आप्पा उठले. काईलीवरचं एक गोणपाट त्यांनी उचललं, झटकलं, आणि उन्हात बसलेल्या आईच्या डोक्यावर नेऊन टाकलं, सावली म्हणून. ते गोणपाट काईलीवरचं, ओलं आणि वाफाळलेलं.

"भाजलं की वो," आई म्हणाली.

"मग ऊठ की सावलीला," आप्पा म्हणाले. "न्हाई हात लावत तुझ्या ढिगाला."

ती उठली. लुगडं मागनं पिवळंधमक झालं होतं. तो डाग कधीच गेला नाही, आणि तिनंही ते लुगडं टाकलं नाही. आम्ही चिंचेखाली जेवलो, भाऊसकट. जेवताना आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "निम्मं बेणं उरलंय. लागण करायची म्हटल्यावर घरात मानूस पायजे. वाईला गेला न्हाईस ना अजून?"

"न्हाई."

"बरं झालं. आता जा. मेची तयारी करा म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मला बस बरोबर सापडली. वाईला त्या लोकांना लग्न मोडत होतं याचा पत्ताच नव्हता, त्यामुळं मी एवढ्या लांब फक्त लग्न आहे हे सांगायला का आलो हे त्यांना कळेना. रिबकाच्या बापानं मला दोनदा विचारलं, "आणि काय काम?" मी म्हणालो, हेच.

पण त्याच्या आदली संध्याकाळ सांगायची राहिली. ताटं मांडली. आम्ही बसलो. मला वाटलं आता नेहमीसारखी भाकरी निवणार. तर आप्पांनी कपाळाला हात लावला आणि आईला म्हणाले, "सलाम." मग मला. मग भाऊला. मग मान वळवून पडवीकडं, शेळीला. त्यांचा आवाज शेळीपाशी फुटला. आईनं त्यांच्या भाकरीवर तूप घातलं, जे आमच्याकडं फक्त नाताळला निघायचं.

भाऊ त्याच आठवड्यात कुंडलकडं गेला. जाताना मोठी पिशवी भरून हळकुंडं घेऊन गेला. आई म्हणाली, नाताळपर्यंत पुरायच्या मानानं लय हायती. पण दिली. तो माणूस वाईट नव्हता. त्यालाही कुणाची तरी घाई असेल, मी कधी विचारलं नाही.

त्या साली आमची निम्म्याच रानात हळद होती, उरलेल्यात भुईमूग केला. नाताळ आम्ही खालीच केला. बाळगोंडा काका करंज्या खायला आले आणि आप्पांना म्हणाले, "आले न्हाईत व्हय?"

"उशीर झालाय," आप्पा म्हणाले.

"एस्टीचंबी तसंच हाय," काका म्हणाले आणि दुसरी करंजी घेतली.

मे महिन्यात लग्न होऊन रिबका आमच्याकडं आली त्या पहिल्या संध्याकाळी सगळे ताटांवर बसले तेव्हा आई तिला म्हणाली, "घरात तू धाकटी. सुरुवात तू करायची." रिबकाला नियम ठाऊक नव्हता. तिनं सगळ्यांना विचारलं, कशाबद्दल? आप्पांनी प्रभू, दार, भांडण हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण माझं अजून कुणाशी भांडण झालं न्हाई." आई म्हणाली, "हुईल." झालंच. रूथच्या जागी बसून तिनं सुरुवात केली ती पन्नास वर्षांवर केली. पोरं झाली, त्यांना शिकवलं, पण पोरं पुण्याला, सुना नोकरीला, घरातला धाकटा बदलत राहिला आणि सुरुवात तिच्याकडंच राहिली. लग्न मोडायला मी निघणार होतो हे आईनं तिला सांगून टाकलं होतं. प्रत्येक भांडणात ते निघायचं. "प्रभू आला असता तवाच, तर सुटला असता बिचारा," म्हणायची, आणि मग कपाळाला हात लावायची.

गेल्या गणपतीच्या दिवसांत रिबका गेली. मिरजेच्या दवाखान्यात होती. आदल्या संध्याकाळी तिनं मला सलाम केला, नर्सबाईंना केला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला केला. ती बाई मुसलमान, तिनं वालेकुम म्हणून परत दिला. सकाळी चहा मागितला. मी खाली जाऊन आणला तोपर्यंत झालं होतं. चहा मी प्यालो. निवला असता.

आईनं काईलीपाशी आप्पांना जे सांगितलं ते मला तेव्हा अर्धंच कळलं होतं. मी एकोणीस वर्षांचा होतो, मला मे महिन्याची घाई होती. आता अठ्ठ्याहत्तरीत सगळं कळलं. सहा महिने मी प्रार्थनेत एकच मागतो, ये. उपासनेत पाळकसाहेब विचारतात, किती जण तयार आहेत? पहिला हात माझा वर जातो. ते म्हणतात, बघा नानांचा विश्वास. विश्वास कशाचा, घाई आहे.

परवा हळद निघाली. आता काईल नाही, वाफेचा बॉयलर येतो ट्रॅक्टरच्या मागनं, तासाभरात ढीग शिजवून पुढच्या रानात जातो. बाळगोंडा काकांची काईल त्यांच्या नातवाच्या गोठ्यात पालथी पडलेली आहे. माझा मोठा, प्रकाश, आता रिटायर होऊन गावात राहतो. तो माझ्यापाशी आला. म्हणाला, "नाना, बेणं ठेवायचं का सगळंच शिजवू? पुढच्या साली रान ठोक्यानं दुसऱ्याला कसायला द्यावं म्हणतोय. तुमच्यानं होत नाही, माझे गुडघे गेलेत. आई होती तोवर ठीक होतं."

बॉयलरवाला घाई करत होता. मी ढिगाकडं बघितलं. चांगले गड्डे होते. मला अगदी जिभेवर आलं होतं, शिजव सगळं, काय करायचंय. आप्पांना कसं वाटलं असेल ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं. ते मूर्ख नव्हते. माणसाला एकदा पलीकडं जायचं असलं की पुढच्या जूनचं तोंड बघवत नाही.

मी जाऊन ढिगावर बसलो. बसलो म्हणजे प्रकाशनं धरून बसवलं, माझ्यानं एवढं खाली बसवत नाही. तो म्हणाला, "नाना, हे काय?" बॉयलरवाल्यानं मोबाईल काढून फोटो घेतला.

"निम्मं ठेव," मी म्हणालो.

"आणि लागण कोण करणार?"

"त्यो आला न्हाई तर तू. आला तर कोणच न्हाई."

प्रकाशनं मला उठवलं आणि पाला पसरून ढीग झाकला. घरी आलो तेव्हा माझं धोतर मागनं पिवळं झालं होतं. सून म्हणाली, हे आता निघायचं नाही. मला ठाऊक आहे म्हणालो.

संध्याकाळी ताटं मांडली. ती गेल्यापासून आमच्याकडं परत तेच चाललंय. बसायचं, वाट बघायची, भाकरी निवते, मग कुणीतरी तसंच जेवायला लागतं. मी कपाळाला हात लावला आणि सलाम म्हणालो. टीव्ही चालू होता. कुणाला ऐकू गेलं नाही. सून म्हणाली, "काय पाहिजे नाना, मीठ?"

मी परत म्हणालो, मोठ्यानं.